बिरोबाच्या माळावरची चार अंडी

"माइक तोंडाला एवढा चिकटवू नकोस, फुस्स फुस्स येतंय," वाचनालयाच्या लीलाताई मागून कुजबुजल्या. मी माइक चार बोटं लांब धरला आणि पुन्हा सुरू झाले.

"तर ही आपली माळटिटवी. ओढ्याकाठी ओरडत असते ती निराळी, तिच्या डोळ्यापुढं लाल असतं. हिच्या डोळ्यापुढं पिवळी कातडी लोंबते, लिंबाच्या सालीसारखी. ही घरटं बांधत नाही. काडी नाही, कापूस नाही, काही नाही! छातीनं जमीन घासून जराशी खळगी करायची, चार खडे गोळा करायचे आणि त्यात अंडी घालायची. अंड्यांचा रंगही खड्यांचाच. मी तर एकदा त्यांच्यावर पाय ठेवणारच होते, तेवढ्यात ती वरून अशी आली…"

आणि मी स्टेजवरच दोन्ही हात पसरून सूर मारला. माइकची वायर पायात अडकली, मी धडपडले, पुन्हा उभी राहिले आणि म्हणाले, "ती मात्र पडली नाही."

वाचनालयाच्या आवारात बसलेली दीडशे माणसं खळखळून हसली. दीडशे! मी मोजली होती. आणि ही मीच का, असं मला वाटत होतं. कारण सहावीत असताना हजेरीला मी 'हजर' म्हटलं की बाई दोनदा विचारायच्या, "दोलताडे आहे का नाही?" आणि आता सातवी संपवून मी, स्वरांजली दोलताडे, तेरा वर्षांची, एवढ्या माणसांना हसवत होते.

खरं तर हे व्याख्यान माझं नव्हतंच. मे महिन्यातल्या दर रविवारी संध्याकाळी आमच्या वाचनालयात 'आपला माळ' या नावानं व्याख्यानं व्हायची आणि ती द्यायचे खरातबापू. बापू एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं तिकिटं फाडता फाडता त्यांनी खिडकीतून जेवढे पक्षी पाहिले तेवढे कुणी दुर्बिणीतून पाहिले नसतील. निवृत्त झाले आणि गावाभोवतीच्या माळाच्याच मागं लागले. कुठलं गवत कधी येतं, खोकड कुठं पाणी पितं, सगळं वहीत. मी दोन वर्षं त्यांच्यामागून त्यांची दुर्बीण घेऊन हिंडत होते. त्या रविवारी त्यांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता, म्हणून ते आदल्या दिवशीच सोलापूरला गेले. जाताना म्हणाले, "टिटवीवर तू बोल."

"मी?"

"मग काय टिटवीला बोलवू?"

मी तिथल्या तिथं उडी मारली. बापूंनी पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाले, "सगळं सांग. ठिकाण तेवढं सांगू नको."

"का?"

"का म्हंजे? न्हाई सांगायचं."

ते स्वतः कधीच सांगत नसत. कुणी विचारलं, "बापू, हे खोकड कुठं दिसलं वो?" की ते बोटानं शिट्टी मारल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "पुढच्या ष्टॉपला उतरा, दिसंल." लोक हसायचे आणि प्रश्न तिथंच विरायचा. मला वाटायचं, ही त्यांची गंमत आहे.

माझं बोलणं संपलं. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेच्या शेवटी माझी आई टाळ्या वाजवायची थांबेचना. लीलाताई म्हणाल्या, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. आणि पहिल्या रांगेतून अर्जुनतात्या उठले.

अर्जुनतात्या म्हणजे आमचे माजी उपसरपंच. डाळिंबाची बाग, पांढरी विजार, मोठा आवाज. माणूस वाईट मुळीच नाही. मी ज्या माइकवर बोलत होते तो त्यांनीच वाचनालयाला दिलेला होता.

"पोरी, झकास बोललीस," तात्या म्हणाले. "आता कामाचं सांग. औंदा अंडी किती घातल्यात?"

"चार."

आवारात एकदम कुजबुज झाली. चार! आमच्याकडं टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस सांगतात. जेवढी अंडी तेवढे महिने पाऊस. अंड्यांची टोकं जमिनीकडं असली तर जोरदार, आडवी असली तर नुसती भुरभुर. मागची दोन वर्षं पाऊस धड झाला नव्हता, त्यामुळं त्या मे महिन्यात गावात तेवढंच बोलणं चाललेलं.

"टोकं कशी हायत?"

"ते… मी लांबूनच बघते. दुर्बिणीतून."

"मग कुठं हायत ते सांग. आमी बघतो."

"ठिकाण सांगत नसतात," मी म्हणाले.

तात्यांनी मागं वळून लोकांकडं बघितलं. "ऐकलं का? सांगत नसत्यात! आगं, बघितलीस का खरंच, का बापूंच्या वहीतलं पाठ करून आलीस?"

लोक हसले. मघाचंच हसू, पण आता ते माझ्या बाजूनं नव्हतं.

"मी चोवीस दिवस बघतेय! रोज!"

"तुला बघताना कुणी बघितलंय?"

पुन्हा हशा. कुणीतरी मागून ओरडलं, "बापू न्हाईत म्हणून पोरगी फेकतीया!"

बापूंनी शिट्टी मारून विषय उडवला असता. मला शिट्टी मारता येत नव्हती. मला फक्त खरं काय ते माहीत होतं. माझे कान तापले, आणि मी माइक पुन्हा तोंडाला चिकटवून म्हणाले,

"बिरोबाच्या माळावर पाण्याची जुनी टाकी आहे ना, तिला पाठ लावून खाणीकडं तोंड करायचं आणि सरळ बावीस पावलं चालायचं. तिथं एक फुटका पांढरा दगड आहे, त्याच्या डाव्या हाताला. जा, बघा."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी दात घासत अंगणात उभी होते. समोर माळाच्या वाटेला एक मोटारसायकल गेली. मग दुसरी. मग तात्यांची जीप, मागं चारपाच माणसं बसलेली. जीपमधून कुणीतरी मला हात केला. मी ब्रश तसाच हातात धरून धावत सुटले.

टाकीपाशी पोचले तेव्हा ती मला आधी ऐकू आली. टि-ई, टि-ई, टि-ई. दोघंही होते, नर आणि मादी. एक जण तात्यांच्या टोपीवरून सूर मारत होता आणि दुसरी पलीकडं पंख मोडल्यासारखं करून जमिनीवर फडफडत होती. माझ्यामागं या, तिकडं जाऊ नका, असा तिचा तो खेळ. कोल्ह्याकुत्र्यांना फसवायचा. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. चाळीसएक माणसं गोल करून उभी होती आणि सगळ्यांच्या माना खाली होत्या.

"आली! आली बघा आपली बाई!" तात्या ओरडले. "बरोब्बर बावीस पावलं गं! एक इकडं न्हाई, एक तिकडं न्हाई."

"तात्या, मागं सरा! सगळ्यांनी मागं सरा!"

आणि सरले ना सगळे! एका शब्दावर. मला अजून ते दिसतं. जत्रेत पालखीला वाट करून देतात तसे सगळे दहाबारा पावलं मागं झाले. कुणी कुणाला ढकललं नाही, कुणी कुरकुर केली नाही. इतका वेळ त्यांच्या सावल्या अंड्यांवर पडत होत्या. ते मागं सरल्यावर पूर्वेकडचं सगळं ऊन थेट त्या खळगीत उतरलं.

टिटवी काही आली नाही. दहा पावलं तिला पुरत नाहीत. माणूस दिसत असला तर तिला शंभर लागतात.

"अजून मागं," मी म्हणाले. "टाकीच्या पलीकडं जायला लागंल."

"टाकीच्या पलीकडनं काय दिसणार? बापूंसारखं डोळं कापून घेऊ का?"

हशा.

"तात्या, अंडी उन्हात उघडी राहिली की मरतात. टिटवी त्यांच्यावर उभी राहून सावली धरते. लांब तळ्यावर जाऊन पोट भिजवून येते आणि अंड्यांना गार करते. काल सांगितलं ना मी!"

"सांगितलंस की. लय भारी सांगितलंस," तात्या प्रेमानं म्हणाले. "पण कसं हाय, आमच्या खुराड्यात अंडी दिवस-दिवस पडून असत्यात. त्यास्नी काय होतं? आन् आमी हात लावतोय का? लावतोय का रं कुणी?"

"न्हाई न्हाई," सगळे म्हणाले.

"ही अंडी जमिनीवर आहेत. जमीन तापते…"

"पाच मिंटं गं. टोकं बघतो आन् जातो."

तात्या गुडघे टेकून बसले. टोपी काढून बाजूला ठेवली. एवढा मोठा माणूस तान्ह्या मुलाच्या पाळण्यात वाकून बघावं तसा वाकला, आणि सगळ्यांनी श्वास धरला. फक्त वरून टि-ई, टि-ई चालू होतं.

"एक खाली. दोन खाली. तीन खाली." तात्यांनी मान वर केली. "चौथं आडवं."

"आडवं? म्हंजे एक महिना ओढ देणार?"

"कुठला?"

"शेवटचं हाय म्हंजे भादवा."

"अंड्याला काय नंबर घातल्यात का? श्रावण बी असंल."

यावर चांगली दहा मिनिटं वाद झाला. अंडी कुठून मोजायची, उजवीकडून की देवळाच्या बाजूनं. एकानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. मी एकाच्या हाताला धरून ओढत होते, दुसऱ्याला विनवत होते, आणि ज्याला धरावं तो मला म्हणायचा, "व्हय व्हय, निघालोच." आणि दोन पावलं मागं होऊन पुन्हा पुढं यायचा. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आरं, मग त्याला सरळ करा की!"

सगळे हसले. मलाही वाटलं, चेष्टाच आहे. पण तात्या हसले नाहीत. त्यांनी आधी दोन्ही हात जोडले आणि मग एका बोटानं, अगदी हळू, ते चौथं अंडं टोकावर आणलं.

"आता चारी खाली," ते म्हणाले आणि खरंच त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

सगळा माळ ओरडला, चांगभलं.

काल याच माणसांना मी मुठीत धरून हसवलं होतं, गप्प केलं होतं, टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. आज मी किंचाळत होते आणि ते माझ्याकडं कौतुकानं बघत होते. ते चिडले असते तर मी भांडले असते. पण माझ्यावर कुणीच चिडत नव्हतं!

साडेआठला पुरुष निघायला लागले. एक मोटारसायकल गेली, दुसरी गेली. मी मनात म्हणाले, सुटलो. तेवढ्यात खालून पाऊलवाटेनं लुगडी येताना दिसली. हिरवी, पिवळी, जांभळी. पंधरावीस बायका. हातात ताटं.

पुढं तात्यांच्या घरच्या शालनकाकू होत्या. आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्या अगदी बरोबरीनं, माझी आई.

माझी आई अंगणवाडीत मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, सतरंज्या झटकायच्या. गावात कुणाकडं मोठं कार्य असलं की तिला बोलावणं यायचंच, पण मागच्या दारानं. पुढं बायकांची ओटी भरत असायची आणि आई मागं हौदावर पातेली घासत असायची. ती कधी काही बोलली नाही. मी पाहत आले होते, एवढंच. त्या दिवशी तिनं माझ्या मावशीच्या लग्नातलं लुगडं नेसलं होतं. हातात शालनकाकूंचं चांदीचं ताट होतं. ती चालतही निराळीच होती, पाय जपून टाकत.

"पहिला मान पोरीच्या आईचा," शालनकाकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तुमच्या पोरीनं गावाला पाऊस दावला. व्हा पुढं, वैनी."

वैनी. त्या आईला कायम 'ए सुमन' म्हणायच्या.

आई गर्दीतून पुढं आली. तिनं माझ्याकडं बघितलं. पायात चप्पल नाही, हातात दात घासायचा ब्रश, केस पिंजारलेले. तिला ते काही दिसलं नाही. तिचा चेहरा… मी तिचा तसा चेहरा आधी कधी पाहिला नव्हता.

ती खळगीपाशी बसली. चिमटीत हळद घेतली आणि लहान मुलीसारखी हळूच मला विचारलं, "स्वरू, कुठल्याला पहिलं लावू गं?"

वर टिटवी ओरडत होती. तिचा आवाज आता घोगरा झाला होता. दगड हाताला चटका देऊ लागले होते. मी अर्ध्या गावाला ओरडून सांगितलं होतं. आई माझ्यापासून एका हातावर होती. मला फक्त वाकायचं होतं.

"कुठल्याही," मी म्हणाले.

तिनं चारी अंड्यांना हळद-कुंकू लावलं. मग शालनकाकूंनी. मग बाकीच्यांनी. प्रत्येकीनं चारी अंड्यांना लावलं, एकीनंही गडबड केली नाही. मग आरती झाली. नारळ फोडला तो लांब टाकीच्या कट्ट्यावर, अंड्यांना धक्का नको म्हणून. एवढी सगळ्यांना काळजी!

माझ्यापुढं करण्यासारखं एकच उरलं होतं. मी उन्हाकडं पाठ करून अशी उभी राहिले की माझी सावली खळगीवर पडेल. माझी सावली तेव्हा बारीकच होती. दोन अंडी झाकायची, दोन उघडी राहायची. मी ओढणी दोन्ही हातांनी ताणून धरली. बायकांनी त्याचेही फोटो काढले. "बघा पोरीची भक्ती," एक जण म्हणाली.

अकरा वाजता ऊन सोसेना तेव्हा सगळ्या गेल्या. जाताना आईनं विचारलं, "येतीस ना?" मी म्हटलं, "तू हो पुढं." ती शालनकाकूंशी बोलत उतरून गेली. मला तिचं हसू वाटेच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं.

माळावर मी एकटी राहिले. आता एकच टिटवी दिसत होती, आणि ती ओरडतही नव्हती. चाळीस पावलांवर उभी राहून माझ्याकडं बघत होती. चोच उघडी.

मी ओढणी धरून उभी होते तोवर ती येणार नव्हती. मी बाजूला झाले तर ती येईपर्यंत अंडी उन्हात. किती वेळ लागेल? एक मिनिट? दहा? ती आज येणारच नसली तर? मी बापूंना मनातल्या मनात विचारत होते आणि बापू सोलापूरला डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते. शेवटी मी ओढणी सोडली आणि पळत सुटले. टाकीमागं जाऊन पडले आणि तिच्या भिंतीतल्या भोकातून बघायला लागले.

ती आली. सहा मिनिटांनी. आधी खळगीभोवती एक फेरी मारली, लाल झालेल्या अंड्यांकडं मान वाकडी करून बघितलं. मला वाटलं ओळखत नाही. मग ती त्यांच्यावर उभी राहिली, पंख जरा खाली सोडले आणि सावली केली. थोड्या वेळानं दुसरा आला, पोट ओलं करून. मी तिथंच हुंदके देऊन रडले. आनंदानं. वाचली, असंच मला वाटलं.

बुधवारी बापू आले. हिरवा चष्मा, उन्हात जायचं नाही, वाकायचं नाही. मी त्यांच्या ओसरीवर जाऊन सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही, फक्त आईची गाळली.

बापूंनी मला शेजारी बसवलं. मग म्हणाले, "किती वाजल्यापासनं किती?"

"सात ते सव्वाअकरा."

"सावली?"

"मी धरली होती. पण उशिरा धरली. आणि सगळ्यांवर नाही पडली."

"तिनं पाणी आणलं नंतर?"

"तीनदा. दोघांनी."

"आज कितवा दिवस?"

"सत्तावीस."

"तीसच्या पुढं जात न्हाई," बापू म्हणाले. "थांबू."

"बापू, तुम्ही रागवा ना मला."

"रागवून काय पिल्लं भाईर येणारंत?" त्यांनी चष्म्याखालून डोळा पुसला. त्यांच्या डोळ्यांतून तेव्हा तसंही पाणी यायचं. "उद्यापासनं टाकीमागनं बघायचं. जवळ जायचं न्हाई. मला येऊन सांगायचं."

गुरुवारी ती बसली होती. शुक्रवारी बसली होती. शनिवारी तीस दिवस झाले. मी सकाळी गेले, दुपारी गेले, संध्याकाळी गेले. बसली होती. उठायची, अंडी चोचीनं जरा हलवायची, पुन्हा बसायची. रविवारी सकाळी बापू कुणाचं न ऐकता माझा हात धरून माळावर आले. टाकीमागून त्यांनी बऱ्या डोळ्याला दुर्बीण लावली. मी म्हटलं, "एखाद दिवस इकडंतिकडं होतो ना, बापू?"

"होतो."

"मग?"

बापूंनी दुर्बीण खाली केली. "आतनं आवाज येत असला की ती निराळी बसती. अंगाखाली काय चाललंय ते ऐकल्यागत बसती. ही तशी बसली न्हाई."

"मग ती उठत का नाही?"

"तिला कोण सांगणार?"

नंतर कळलं, ती आणखी तेरा दिवस बसली.

त्या रविवारी संध्याकाळी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. आजूबाजूच्या वाड्यांवरूनही माणसं आली होती. मोबाइलवरचं शूटिंग सगळीकडं फिरलं होतं. आईला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली होती, शालनकाकूंच्या शेजारी. बापू माइकपाशी उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत तात्यांनी विचारलं,

"बापू, पिल्लं निघाली का?"

बापूंनी माइक माझ्याकडं केला.

मी तो घेतला. या वेळी नीट लांब धरला. "नाही निघाली," मी म्हणाले. "अंडी आतल्या आत मेली. सोमवारी आपण सगळे तिथं उभे राहिलो आणि तिला येता आलं नाही, म्हणून. ठिकाण मी सांगितलं. मी सांगायला नको होतं."

आता कुणीतरी ओरडेल, मी वाट बघत होते. तात्या उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. ते स्टेजपाशी आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नगंस, पोरी," ते म्हणाले. "पाखरांचं असं चालायचंच. आन् आपलं काम तर झालं का न्हाई? टोकं तर खालीच हुती."

"व्हय, हुती की," लोक म्हणाले. आणि मला धीर यावा म्हणून कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बघता बघता सगळ्यांनी वाजवल्या.

फक्त आई वाजवत नव्हती. ती मांडीवर हात ठेवून, खाली बघत बसली होती.

घरी जाताना आम्ही दोघीच होतो. ती पुढं, मी मागं. गिरणीच्या वळणावर ती थांबली, पण वळली नाही.

"पहिलं कुंकू मी लावलं होतं."

"हो."

"त्यानं झालं का?"

"नाही आई. उन्हानं झालं."

"खरं सांग."

"खरंच. कुंकवानं नाही. तुम्ही तिथं होता, म्हणून ती येत नव्हती. एवढंच."

"तुला तवा ठावं होतं? मी बसले तवा?"

मी हो म्हणाले.

आई आता वळली. रागानं वळली असती तर बरं झालं असतं.

"मग मला सांगायचं न्हाईस का गं?" ती म्हणाली. "मी तुलाच इचारत होते. त्यांनी न्हाई ऐकलं, त्यांचं सोड. मी उठले असते की. मी सगळ्यांना घेऊन उठले असते."

मला सांगायचं होतं, तुझा चेहरा. तुझं लुगडं. ते चांदीचं ताट.

ती चालायला लागली. घर आलं. तिनं कनवटीची किल्ली काढली, कुलूप काढलं, आणि मला आत जायला वाट दिली.